पहारा बदलताना

बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ रोजी झाले. आर. व्ही. रोडहून निघालेली गाडी एकोणीस किलोमीटर धावून बोम्मसंद्र्याला थांबते आणि तिथून मागे फिरते. होसूर रस्त्याच्या या टोकाला एका अंगाला कारखान्यांची वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायणा हृदयालय, जवळच बायोकॉनचे आवार आणि थोडे अलीकडे इलेक्ट्रॉनिक्स सिटी. सकाळच्या गाडीतून नर्स उतरतात, लॅब टेक्निशियन उतरतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले इंजिनीअर उतरतात. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडून आलेली मराठी माणसेही त्यात असतात. यांतल्या अनेकांच्या डोक्यात जर्मनी, आयर्लंड, कॅनडा असे एखादे नाव घोळत असते. परदेशी नोकरीसाठी एखाद्या कन्सल्टन्सीत जाऊन बसले की पदवीनंतर लगेच विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘गॅप किती?’

प्रश्न दोन शब्दांचा, पण तो ऐकताच समोरचा माणूस अवघडतो. आईच्या आजारपणात घालवलेली दोन वर्षे, बाळंतपणानंतरची तीन, कंपनीने अचानक कमी केल्यानंतरचे अकरा महिने, हे सगळे एकदम घशाशी येते. उत्तर देणाऱ्याचा आवाज गुन्हा कबूल करणाऱ्यासारखा होतो. काम थांबले होते, एवढीच गोष्ट सांगायची असते. मग त्यात शरमेचा सूर कुठून येतो? थांबलेल्या काळाचा जाब माणसाने कोणाला द्यायचा, आणि तो मागण्याचा अधिकार नेमका कशापुरता असतो? हा प्रश्न नोकरीच्या बाजारातून उठला असला तरी त्याची मुळे धर्मविचारात आहेत.

आधी नियम पाहू. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी जो अर्ज करतात, त्यात गेल्या दहा वर्षांचा महिन्यागणिक हिशेब द्यावा लागतो. नोकरी, शिक्षण, बेकारी, घर सांभाळणे, जे असेल ते लिहा, पण मध्ये रिकामी जागा ठेवू नका, अशी सूचना असते. वरवर हा जाच वाटतो. पण त्याच देशाच्या कुशल कामगारांच्या योजनेत किमान अट एवढीच आहे की गेल्या दहा वर्षांत एक वर्षाचा सलग अनुभव असावा. जर्मनीने जून २०२४ मध्ये ‘संधी-पत्र’ सुरू केले. तिथल्या गुणपद्धतीत किमान सहा गुण लागतात. गेल्या सात वर्षांत पाच वर्षे काम केले असेल तर तीन गुण मिळतात, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षे केले असेल तर दोन. म्हणजे सात वर्षांत दोन वर्षे घरी बसलेल्या माणसाचा एकही गुण कापला जात नाही. सरकारांना खंड दिसतो, ती तो मोजतात आणि पुढे जातात.

अडतो तो नोकरी देणारा.

काही अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सुमारे बारा हजार काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला. बेकारी जसजशी लांबते तसतसे मुलाखतीचे बोलावणे घटत जाते, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. तरीही याचे समर्थन करता येईल: काम सुटले की हात बसतो, मालकाला धास्ती वाटते. पण केट वाइशार या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१८ मधला प्रयोग या समर्थनाच्या मुळावर घाव घालतो. त्यांनी तीन प्रकारचे अर्ज तयार केले. एकात नोकरी सलग होती, दुसऱ्यात नोकरी गेल्यामुळे दीड वर्ष बेकारी होती, तिसऱ्यात मुलांकडे पाहण्यासाठी स्वतःहून दीड वर्ष घेतलेले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जात शिक्षण तेच, अनुभव तेवढाच, खंडही तेवढाच. हात बसायचा तर दोघांचाही सारखाच बसणार. तरी मुलांसाठी थांबलेल्यांना नोकरी गेलेल्यांच्या सुमारे निम्मीच बोलावणी आली. आयांना आली, तशीच वडिलांनाही आली.

महिने तेवढेच आणि शिक्षा दुप्पट, याचा अर्थ कसबाचा हिशेब इथे संपला आहे. इथे निष्ठा तोलली जाते आहे. ‘हा माणूस कामाला वाहिलेला आहे का?’ हा प्रश्न कारखान्याचा वाटत नाही, मठाचा वाटतो.

मराठी माणसाला तो ओळखीचा वाटावा, कारण आपल्या भाषेत ‘अखंड’ हा पूज्य शब्द आहे. नंदादीप अखंड, सौभाग्य अखंड, हरिनाम सप्ताह अखंड. जोतीराव फुल्यांनी सार्वजनिक सत्यधर्माच्या पद्यरचनांनाही ‘अखंड’ हेच नाव दिले. उलट वारी चुकली, एकादशी मोडली, की ‘नेमात खंड पडला’ असे आपण हळहळून म्हणतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या न आलेल्या दिवसाला आपण ‘खाडा’ म्हणतो, आणि त्यात मजुरी बुडाल्याच्या जोडीला एक ठपकाही असतो. बोम्मसंद्र्याच्या कन्सल्टन्सीत जो आवाज खाली जातो, तो या शब्दांच्या ओझ्याने. परदेशी कंपनीने शंका घेण्याआधीच आपल्या घराने, शेजाऱ्यांनी, मावशी-आत्यांनी ती घेतलेली असते. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवात किती जणांना टोचत असेल!

या ठपक्याची सर्वांत भयंकर गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पत्नी आळंदीला एकटी. गुरूंना खरे कळले तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही त्यानंतरची मुले. आश्रमांचा ठरलेला क्रम मोडून माणूस मागे आला होता, आणि मागे येणाऱ्यासाठी त्या काळच्या कागदांत रकानाच नव्हता. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि त्यांनी ते घेतले. त्यानंतर पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. पैठणच्या सभेला या मुलांच्या विद्येबद्दल शंका नव्हती. तिने बापाच्या आयुष्यातल्या खंडाचा दाखला मागितला, आणि तोही त्याच्या लेकरांकडे. कसब आणि शुद्धता यांची गल्लत केली की काय होते, याचा याहून कडवट दाखला आपल्या इतिहासात शोधूनही सापडायचा नाही.

बौद्ध संघाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. भिक्षूची ज्येष्ठता तिथे वर्षावासांनी मोजतात. पावसाळ्यात चारिका थांबवून एका जागी राहायचे, तो वर्षावास. कोण किती योजने हिंडला याला तिथे गणती नाही. किती पावसाळे थांबला, यावर त्याचे आसन ठरते. चीवर सोडून घरी गेलेला भिक्षू परत येऊ शकतो. त्याची ज्येष्ठता मात्र जाते, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नियम कडक आहे, पण स्वच्छ आहे. गेलेली ज्येष्ठता गेली. तू का गेलास म्हणून आयुष्यभर कोणी विचारत बसत नाही. थेरवादाच्या परंपरेने ही मुभा भिक्षुणीला दिली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. परतीचा दरवाजा बाईसाठी अरुंद असणे ही कालपरवाची गोष्ट नाही.

या नियमांतून स्वतः गेलेला एक मराठी माणूस आहे, आणि त्याची कहाणी ‘खंडानंतर परदेशी काम’ या विषयावरची सर्वांत मोलाची आहे. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा जेमतेम, पदवी कसलीच नाही. लहान वयात लग्न झाले, नारळीच्या बागेची देखरेख गळ्यात पडली. ‘बालबोध’ मासिकात बुद्धावर एक लेख वाचला आणि मनात त्या धर्माची ओढ घर करून बसली. १८९९ च्या अखेरीस, मुलगी माणिक तान्ही असताना, ते घर सोडून निघाले. आधी पुणे, पुढे काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, बोधगया, सिलोन. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली घेतले, श्रामणेर झाले, ब्रह्मदेशात भिक्षू झाले. १९०६ च्या सुमारास चीवर उतरवून परतले तेव्हा सात वर्षे होत आली होती.

आजच्या भाषेत त्यांचा सीव्ही लिहून पाहा. सात वर्षांत एकही पगार नाही. रिलीव्हिंग लेटर नाही, पेस्लिप नाही, एका गावात सलग पत्ता नाही. कुठल्याही छाननीत हा कागद पहिल्या फेरीत बाजूला पडला असता. पण कलकत्त्याला आशुतोष मुखर्जींच्या काळात त्यांना विद्यापीठात पाली शिकवायला मिळाले. बडोद्याच्या सयाजीरावांनी महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्मावर लिहावे म्हणून दरमहा पन्नास रुपये लावून दिले. हार्वर्डचे जेम्स वूड्स हिंदुस्थानात आले असता कोसंब्यांकडे पाली शिकले, आणि १९१० मध्ये कोसंबी ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेला गेले. वूड्सनी दाखला मागितला नाही. ते समोर बसून शिकले आणि या माणसाला काय येते हे त्यांनी स्वतः पाहिले. कोसंबी पुढे १९१८ मध्ये आणि नंतरही पुन्हा हार्वर्डला गेले, मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते, लेनिनग्राडलाही जाऊन आले. एका खंडानंतर त्यांच्या आयुष्यात अनेक खंड आले. दरवेळी कामाने त्यांना पुन्हा बोलावले.

इथेच थांबले तर ही गोष्ट फार सोपी होईल. कोसंब्यांची ती सात वर्षे रिकामी नव्हती हे खरे, पण ती कोणाच्या जिवावर भरली गेली? त्यांच्या पत्नी बाळाबाई तान्ह्या माणिकला घेऊन गोव्यात राहिल्या. नवरा जवळ नसताना त्यांनी ती मुलगी वाढवली. कोसंब्यांनी आपली वर्षे ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली, आणि ते पुस्तक मराठीतल्या उत्तम आत्मकथनांपैकी एक आहे. ‘निवेदना’सारखे पुस्तक बाळाबाईंच्या नावावर नाही. पुरुषाच्या वैराग्याला आपण तप म्हटले. त्याच सात वर्षांत बाईने केलेल्या कामाला नावच दिले नाही. नाव नसलेल्या कामाचा कागदावर खंडच दिसतो.

हे सगळे समजायला अखंड हरिनाम सप्ताहच उपयोगी पडतो. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पण ती एकाच माणसाच्या गळ्यात सात दिवस नसते. पहारे लावलेले असतात. दोन तासांनी दुसरा माणूस येतो, वाकून नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. उतरलेला माणूस जेवतो, झोपतो, शेतावर जाऊन येतो. त्याच्या झोपेला कोणी खंड म्हणत नाही. अखंड असते ते नाम. माणूस पाळीने थकतो, आणि म्हणूनच नाम चालते. सप्ताह ज्या गावाने घातला आहे, ते गाव हे जाणते.

संसारातही पहारे असतात. फरक एवढाच की पहारा देणाऱ्यांपैकी एकाचेच नाव फलकावर लागते. ज्याची नोकरी वीस वर्षे अखंड दिसते, त्याच्या घरी कोणीतरी मधली वर्षे वीणा धरून उभे राहिलेले असते: सासऱ्यांच्या पक्षाघातात, मुलाच्या दहावीत, नवऱ्याच्या ऑनसाइटच्या काळात. अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत तर हे कायद्यानेच घडवून आणले. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची बायको एच-फोर व्हिसावर जायची, आणि मे २०१५ पर्यंत तिला तिथे नोकरी करायला सरसकट मनाई होती. त्यानंतर परवानगी मिळाली तीही ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा मार्ग एका टप्प्यापर्यंत पोचला आहे त्यांनाच. पुण्या-बंगळुरूतल्या चांगल्या नोकऱ्या सोडून गेलेल्या इंजिनीअर, डॉक्टर, शिक्षिका पाचपाच, आठआठ वर्षे घरात राहिल्या. एका देशाच्या कायद्याने पाडलेला हा खंड दुसऱ्या देशात अर्ज करताना त्यांच्याच खात्यावर मांडला जातो. हा अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

तरीही ‘गॅप विचारूच नका’ असे म्हणता येणार नाही. बोम्मसंद्र्यातच त्याचे कारण आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात नर्सच्या हाती जीव असतो. हृदय बंद पडल्यावर काय करायचे, याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना साधारण दर पाच वर्षांनी सुधारून येतात. औषधे बदलतात, यंत्रे बदलतात. चार वर्षांनी परतलेल्या नर्सने ‘मला येते’ म्हणणे आणि तिला येणे यांत फरक असू शकतो, आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो. म्हणून ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने यावर काढलेला तोडगा विचार करण्यासारखा आहे. नोंदणी चालू ठेवायला तीन वर्षांत किमान साडेचारशे तासांचे प्रत्यक्ष काम लागते. ते भरले नाही तर परतीचा अभ्यासक्रम करा किंवा कसबाची परीक्षा द्या, असे दोन मार्ग आहेत. तू घरी का होतीस, हा प्रश्न त्यात नाही. हाताची परीक्षा होते, मनाची झडती होत नाही. पैठणच्या सभेपेक्षा ही रीत संघाच्या जवळची आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीनेही तीच बरोबर आहे.

टाटा समूहाने २००८ मध्ये खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता: आधी काही महिने खरे काम द्या, मग ठरवा. बायोकॉनच्या किरण मजुमदार यांची सुरुवातही आठवावी. ऑस्ट्रेलियातून १९७५ मध्ये मद्यनिर्मितीचे शिक्षण पुरे करून त्या परतल्या. मद्यनिर्मिती प्रमुखाची नोकरी बाईला द्यायला इथे कोणी तयार नव्हते. स्कॉटलंडला जायचे ठरत असताना एका आयरिश उद्योजकाशी भेट झाली आणि १९७८ मध्ये बंगळुरूच्या एका गॅरेजात कंपनी उभी राहिली. मधल्या वर्षांत त्यांना मिळालेले नकार त्यांच्या कसबाबद्दल काहीच सांगत नव्हते. ते नकार देणाऱ्यांबद्दल सांगत होते.

आता खोट्याविषयी. गॅपची शरम इतकी की ती बुजवायला बाजार उभा राहिला. बंद पडलेल्या कंपनीच्या नावाचे एक्सपिरिअन्स लेटर, बनावट पेस्लिपा, ‘दोन वर्षे दाखवून देतो’ म्हणणारा एजंट. हे बंगळुरूच्या आयटी वर्तुळात कोणाला नवे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून आता कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाने पैसे भरले ते लगेच कळते, त्यामुळे हे खोटे फार दिवस टिकतही नाही. अर्जातली लबाडी सापडली तर कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो, ब्रिटनमध्ये ही बंदी दहा वर्षांची असू शकते. अकरा महिन्यांचा खरा खंड लपवायला गेलेला माणूस पाच-दहा वर्षांचा खंड विकत घेतो.

पण पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी हानी आत होते. आईच्या उशाशी काढलेली दोन वर्षे पुसून तिथे न पाहिलेल्या ऑफिसचे नाव लिहिताना माणूस स्वतःच कबूल करतो की ती दोन वर्षे सांगण्याच्या लायकीची नव्हती. आईला भरवलेला घास, रात्री बदललेली चादर, डॉक्टरांशी घातलेली हुज्जत, हे सगळे तो स्वतःच्या हाताने खोडतो. शुद्धिपत्राची मागणी पैठणने केली होती. इथे माणूस स्वतःच स्वतःचा पैठण होतो. सत्य हे व्रत आहे असे आपण लहानपणी शिकतो, पण ते पाळणे इतके महाग कोणी करून ठेवले, हेही विचारायला हवे. ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याला निम्मी बोलावणी येतात, तिथल्या खोट्यात त्या व्यवस्थेचाही वाटा आहे. खोटे लिहिणारा त्यामुळे निर्दोष ठरत नाही, पण एकटाच दोषी ठरत नाही.

बंगळुरूत मराठी माणसे आज मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतात. हा लेख वाचणाऱ्यांतही पलीकडच्या खुर्चीवरचे, म्हणजे अर्ज चाळणारे, पुष्कळ असतील. त्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या अर्जात दोन वर्षांची मोकळी जागा दिसली तर कारण विचारण्याआधी तासाभराचे काम द्या आणि ते पाहा. काम येत नसेल तर तसे सांगा. त्यात अपमान नाही. येत असेल तर कारण विचारण्याची गरज उरणार नाही. आणि जे अलीकडच्या खुर्चीवर आहेत, अर्ज भरत आहेत, त्यांनी त्या महिन्यांत जे केले ते साध्या शब्दांत, तारखांसकट लिहावे: आईची शुश्रूषा, अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत. कॅनडाच्या त्या दहा वर्षांच्या रकान्यात ‘घर सांभाळत होते’ हे उत्तर चालते. ते तिथे आजही लिहिता येते.